दादा गाण्यात मेले

शहापूरच्या एका लॅबमध्ये मी बारा वर्षं तपासण्या करते. लोकांचं रक्त, लघवी, थुंकीच्या डब्या, सगळं माझ्या हाताखालून जातं. मला किळस येत नाही. हे आधी सांगते, कारण गेल्या कार्तिकात मला जी किळस आली ती कसली होती, हे नीट कळलं पाहिजे.

त्या दिवशी सकाळी हेतल माझ्या टेबलाशी आली. हेतल आमच्याकडे काउंटरवर बसते, पावत्या फाडते, तिच्या वडिलांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान आहे. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. डोळे सुजलेले.

"ताई, तुम्ही सांगितलं पण नाही."

"काय सांगितलं नाही?"

"बाबांचं."

मला वाटलं तिच्या वडिलांचं काही झालं. मी खुर्ची सोडून उठलेच. तर ती म्हणाली, "माझ्या नाही. तुमच्या."

माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादांशी मी तासाभरापूर्वीच फोनवर बोलले होते. भगीरथनं भात झोडायला उशीर लावला म्हणून ते त्याच्या नावानं ओरडत होते, आणि मधेच मला विचारत होते की खोकल्याचं औषध संपलं तर तेच परत आणायचं का दुसरं. मेलेला माणूस इतका खोकत नाही.

हेतलनं आपल्या कानातली इअरफोनची एक गुंडी काढून माझ्या कानात घातली. ती अजून ओलसर गरम होती. गिटार वाजली, आणि मग माझ्या भावाचा आवाज आला. बारीक, जवळचा, कानात तोंड घालून बोलल्यासारखा.

*बाबा, तू गेलास त्या दिवशी*
*चिखल तुझ्या पायांचा*
*उंबऱ्याशी वाळत होता*

मोबाइलवर व्हिडिओ चालू होता. शेत, धुकं, अनवाणी पाय. आणि शेवटी एक फोटो. माझ्या लग्नातला. दादांनी फेटा बांधलेला, बाजूला मी होते, मला कापून टाकलेलं. फोटोला चंदनाचा हार. हार खरा नव्हता, कॉम्प्युटरवर काढून चिकटवलेला होता. दादांच्या मिशीवरून तो थोडा सरकला होता.

"मी काल आठ वेळा ऐकलं," हेतल म्हणाली. "अख्ख्या अल्बममध्ये हेच खरं आहे."

मी कानातली गुंडी काढून टेबलावर ठेवली आणि बाहेर जाऊन उभी राहिले. घशाशी आंबट आलं होतं.

---

विपुल माझ्याहून आठ वर्षांनी लहान. मुरबाडच्या कॉलेजात असताना त्यानं तीन मित्रांबरोबर बँड काढला, नाव 'घाटवळण'. मोठमोठ्यानं गायचे, ड्रम फुटेस्तोवर वाजवायचे. आधी गणपतीत, मग कॉलेजांत, मग पुण्या-मुंबईला. दोन वर्षांपूर्वी त्यानं बँड सोडला, आणि दिवाळीच्या आधी त्याचा एकट्याचा पहिला अल्बम आला, 'ओंजळभर'. सहा गाणी, सगळी हळू. मला त्यानं लिंक पाठवली होती. मी दीड गाणं ऐकून "छान" असं लिहून मोकळी झाले होते. सहावं गाणं माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

मी दुपारी त्याला फोन केला.

"ताय, ते गाणं आहे," तो म्हणाला. "गाण्यातला बाबा वेगळा असतो."

"मग फोटो वेगळ्याचा लावायचा."

"तो व्हिडिओवाल्यांनी लावला. मी त्यांना फक्त फोटो दिला होता."

"आणि मुलाखतीत तू काय बोललास? हेतलनं दाखवली मला. बाबा गेल्यावर मला मोठा आवाज सहन होईना म्हणून बँड सोडला, असं बोललायस तू."

त्याच्या मागे कुणीतरी हसत होतं, बाई होती.

"ती मुलाखतवाली गाणं ऐकून आपणच धरून चालली गो. रडायला लागली ती. तिला मधेच कसं सांगणार? एकदा झालं, मग पुढच्यानंही तेच विचारलं."

"दादांना काय सांगू?"

"तू कशाला सांगतेस? ते कुठं बघतात असलं."

संध्याकाळी मी सुनिलला सांगितलं. सुनिल म्हणजे माझा नवरा, वाशिंदच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. तो 'घाटवळण'च्या पहिल्या दिवसापासूनचा भक्त. त्यांच्या कार्यक्रमाला उभा राहून मान हलवणारा माणूस. त्यानं सगळा अल्बम मोटरसायकलवर येता-जाता ऐकला होता आणि त्याला तो अजिबात आवडला नव्हता.

"साखरेचं पाणी आहे," तो म्हणाला. "बँडमध्ये गळा खरवडायचा तेव्हा माणूस वाटायचा. आता बाळाला झोपवल्यासारखा गातो. आमच्या डिपार्टमेंटमध्ये दोन तट पडलेत. पोरी म्हणतात आत्तापर्यंतचं सगळ्यात भारी, आम्ही म्हणतो संपला."

"सुनिल, त्यानं दादांना मारलंय."

"ते ठीक गो. गाण्यात मारतात. कल्पना असते ती. माझं म्हणणं चालीबद्दल आहे."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. लोक चालीवर भांडत होते. युट्यूबवर खाली शेकडो जण भांडत होते. जुना बँडच बरा, नाही हाच खरा विपुल. आवाज पातळ झालाय, नाही आवाज परिपक्व झालाय. आणि मधे मधे 'काकांना श्रद्धांजली', हात जोडलेले, मेणबत्त्या. मी त्या मेणबत्त्या मोजायला लागले, मग मोजणं सोडलं.

---

आठ दिवस मी माहेरी कुणाला बोलले नाही. मग नोव्हेंबरातलं ठरलेलं काम आलं. दादा एसटीत ड्रायव्हर होते, एकतीस वर्षं. कल्याणहून माळशेजवरून नगर, तीच गाडी, तोच घाट. दर नोव्हेंबरला पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला लागतो. त्यांचा अंगठा मशीनवर उठत नाही, ते चिडतात, म्हणून मी सुटी काढून शहापूरहून मुरबाडला जाते आणि ते टोकावड्याहून येतात.

बँकेच्या काउंटरवर नवीन मुलगी होती. तिनं कागद बघितला. लडकू पष्टे, पत्ता बघितला. मग दादांकडे बघितलं. मग परत कागदाकडे.

"विपुल पष्टे तुमचे कोण?"

दादांना बरं वाटलं. लोक विपुलबद्दल विचारतात तेव्हा ते दाखवत नाहीत, पण मान थोडी वर जाते. "माझाच पोरगा. का?"

मुलीचा चेहरा पांढरा पडला. "पण तुम्ही तर," एवढं म्हणून ती थांबली, आणि माझ्याकडे बघायला लागली. मी मान खाली घातली. दादांना कळलं की मला काहीतरी माहीत आहे.

अंगठा तिसऱ्यांदा उठला. आम्ही बाहेर आलो. स्टँडासमोरच्या चहाच्या दुकानात दादा बसले आणि म्हणाले, "दाखव."

"काय?"

"त्या पोरीनं मला भूत बघितल्यावानी बघितलं. काय हाय ते दाखव."

मी मोबाइल समोर धरला. त्यांनी चष्मा लावला. सबंध गाणं त्यांनी हलल्याशिवाय ऐकलं. बाप पोराला खांद्यावर घेऊन सिद्धगडाच्या वाटेनं चालतो, त्या कडव्याला त्यांनी बोट वर केलं.

"खांद्यावर सावळाराम मामानी घेतलं व्हतं त्याला. मी त्या दिवशी ड्यूटीवर व्हतो."

"हो दादा."

फोटो आला. हार आला. ते जवळ वाकून बघत राहिले. चहा थंड झाला, त्यावर साय धरली. मग त्यांनी विचारलं, "मेलो कशानं मी?"

"शेतात. पावसात काम करताना."

"शेतात?" त्यांचा आवाज चढला, शेजारच्या बाकावरची माणसं वळली. "शेत भगीरथ करतो. मी एकतीस वरसं गाडी चालवली, एक खरचटा नाय कुनाला. चिखल म्हनं पायाला. मी बूट घालायचो. रोज पालिश करायचो. तुझी आये म्हनायची, नवरा हाय का हवालदार. आनि हा अनवानी कोन?"

त्यांनी चहा न पिताच पेला सरकवला. बसमध्ये चढताना पहिल्यांदाच त्यांचा हात धरावा लागला.

---

घरी आयेला सांगावंच लागलं. आयेनं गाणं ऐकलं आणि डोळ्याला पदर लावला. मी समजले, तिला धक्का बसला. पण ती म्हणाली, "परत लाव."

तिनं तीनदा ऐकलं. दादा ओटीवर बसून सगळं ऐकत होते.

"किती मायेचा हाय गो हा," आये म्हणाली.

"कोण?"

"गान्यातला."

दादा उठून परसात गेले. मी आयेला म्हटलं, तुला लाज वाटत नाही का, नवऱ्याला जिवंतपणी हार घातलाय. ती माझ्यावरच उखडली. "मला ठावं हाय तो जित्ता हाय. रोज मीच भाकरी घालते. पन पोरानी बापाला चांगला केला, वाईट तर नाय केला? ह्या मानसानी एकदा तरी पोराच्या डोक्यावरून हात फिरवला का? विचार त्याला." तिचं ते बोलणं परसापर्यंत गेलं असणार. आमच्या घराच्या भिंती काही जाड नाहीत.

गावातही दोन तट पडले. भगीरथ म्हणजे आमचा शेजारी आणि आमचं शेत वाट्यानं करणारा. त्याचं म्हणणं, पोरानं अपशकुन केला, त्याला बोलवून सगळ्यांसमोर माफी मागायला लावा. पोरांचं म्हणणं, आपल्या वाडीचं नाव झालं, जत्रेत त्यालाच गायला बोलवा. सकाळी दादा दुधाला निघाले की पोरं मागून तेच गाणं गुणगुणायची. वाईट हेतूनं नाही. त्यांना खरंच आवडलं होतं. मलाही चाल आवडली होती. हे मी कुणाला सांगितलं नाही. भांडी घासताना ती तोंडात यायची आणि मी दात आवळून घ्यायचे, थुंकून टाकावी असं वाटायचं.

पुढच्या रविवारी मी तिथंच होते. दादा अंगणात वाल सोलत बसले होते. भगीरथ पाच-सहा जणांना घेऊन आला. शहरातली पोरं-पोरी, पाठीवर सॅक, बुटांना माती. सिद्धगड उतरून, वाट वाकडी करून मुद्दाम आली होती. एकाच्या हातात फ्रेम. फ्रेममध्ये दादा, हार घातलेले. एकीच्या हातात उदबत्तीचा पुडा.

"घ्या," भगीरथ म्हणाला. "ज्यांना वाहायचं ते हे बसलेत."

सगळ्यांनी फ्रेमकडे बघितलं, मग दादांकडे. मग एक मुलगा हसायला लागला. मग दुसरा. "भाई, हे तर जिवंत आहेत!" त्यांनी दादांच्या दोन्ही बाजूंना बसून फोटो काढले. दादांच्या हातात वालाच्या शेंगा, ते ओठ मिटून बघत होते. फ्रेमवालाही फ्रेम पुढे धरून वाकला, म्हणजे खरे दादा आणि हारातले दादा एकाच फोटोत यावेत. मला त्याच्या अंगाचा घाम आणि कसल्याशा स्प्रेचा वास आला आणि मी तोंड फिरवलं.

एकच मुलगी हसली नव्हती. कुणाली तिचं नाव. ती पुढे आली.

"तुम्ही मेला नाहीत?" तिनं दादांना विचारलं. खरंच असंच विचारलं.

"नाय."

"माझे बाबा मेलेत," ती म्हणाली. "दिवाळीच्या आधी. मी महिनाभर हेच गाणं ऐकतेय. मला वाटायचं ह्याला कळलंय. ह्याचे पण गेलेत म्हणून ह्याला कळलंय." तिचा आवाज चिरकला. "आणि तुम्ही शेंगा सोलताय!"

मित्रांनी तिला धरलं, चल म्हणाले. तिनं त्यांचे हात झटकले. ती दादांकडे ज्या नजरेनं बघत होती तशी नजर मी लॅबमध्येही कधी पाहिलेली नाही. जिवंत असल्याबद्दल ती त्यांचा तिरस्कार करत होती.

दादांनी शेंगा सुपात ठेवल्या. आत गेले, तांब्या घेऊन आले.

"पानी पी. बस जरा." ती बसली. "नाव काय व्हतं बापाचं?"

तिनं सांगितलं. काय करायचे, विचारलं. रिक्षा चालवायचे, ती म्हणाली, डोंबिवलीला. दादा म्हणाले, "मंजी आमच्याच धंद्यातला मानूस." मग ते दोघं अर्धा तास बोलत बसले, ती मधे मधे रडत होती. जाताना तिनं ती फ्रेम मित्राच्या हातातून ओढून घेतली, दादांचा फोटो बाहेर काढला आणि त्यांच्या हातात दिला. दादांनी तो माझ्याकडे दिला. "ह्याचं काय करायचं ते तू कर."

मी चुलीत घातला. ती गेल्यावर दादा मला म्हणाले, "विपुलचा कारेक्रम हाय ना शहापूरला? मला यायचाय."

---

कार्यक्रम एका मंगल कार्यालयात होता, संध्याकाळी सहाला. सुनिलनं पास आणले. आम्ही पाचलाच मागच्या दारानं गेलो. वधूपक्षाच्या खोलीत विपुल आरशासमोर बसला होता. अंगावर खादीचा सदरा, गळ्यात पातळ मफलर, दाढी वाढवलेली. दादांना बघून तो ताडकन उठला आणि वाकून पायाला हात लावला. त्याच्या अंगाला अत्तराचा वास होता. दादा सरळ उभे राहिले, त्यांनी आशीर्वाद दिला नाही, पाय पण मागे घेतला नाही.

"दादा, मी येणारच होतो घरी," विपुल म्हणाला. "तुमाला समजावून सांगणार होतो."

"समजलं मला," दादा म्हणाले. "मी भांडायला नाय आलो. एक कर. गान्याच्या आधी लोकांना सांग, माझा बाप जिवंत हाय. एवढंच."

"दादा, ते असं मधेच..."

"एवढंच. एक वाक्य हाय. गाडी सुटायच्या आदी कंडक्टर सांगतो तसं सांगायचं."

विपुलनं माझ्याकडे बघितलं. मी काही मदत केली नाही. त्यानं डोळे मिटले, मग उघडले. "सांगतो," तो म्हणाला. "तुमची शपथ, सांगतो. पण तुमी इथं खोलीत बसा. बाहेर गर्दी आहे, तुमाला त्रास होईल."

"मी समोर बसनार," दादा म्हणाले.

आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. हॉल भरला. हेतल मैत्रिणींबरोबर पुढे होती. तिला मी खरं सांगितलं होतं, ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती आणि मग म्हणाली होती, "पण गाणं तरी चांगलंच आहे ना ताई." मागच्या बाजूला 'घाटवळण'ची जुनी मंडळी उभी होती. पहिल्या दोन गाण्यांना ती "मोठ्यानं! मोठ्यानं!" ओरडली, पुढच्या लोकांनी त्यांना गप्प केलं, थोडी बाचाबाची झाली. सुनिल त्यांच्यात जाऊन उभा राहिला. मग दिवे कमी झाले. विपुल स्टुलावर बसला, गिटार मांडीवर घेतली आणि माइकजवळ तोंड नेलं.

"पुढचं गाणं गाण्याआधी मला एक सांगायचंय," तो म्हणाला. "सांगितलंच पाहिजे."

दादा पुढे सरकून बसले. त्यांनी ड्रायव्हरसारखे दोन्ही हात पुढच्या खुर्चीवर ठेवले.

"माझे बाबा," विपुल म्हणाला आणि थांबला. "माझे बाबा जिवंत आहेत." परत थांबला. त्याचा आवाज कापला. तो कसा कापतो हे मला माहीत आहे. लहानपणी गृहपाठ केला नसला की असाच कापायचा. "ते आज इथं आहेत. तुमच्यात बसलेत. मला ऐकताहेत. बाप कधी मरत नसतो, मित्रांनो."

आणि त्यानं तार छेडली.

हॉलमध्ये जे झालं ते मला सांगता येणार नाही. टाळ्या म्हणावं तर टाळ्या होत्या, पण त्यात हुंदके होते. लोक मोबाइलचे दिवे लावून हात वर करत होते. हेतल मैत्रिणीच्या गळ्यात पडून रडत होती. तिला तर खरं ठाऊक होतं, तरी रडत होती. दादांच्या पलीकडे एक जाड बाई बसली होती. तिनं रडत रडत दादांचा हात धरला आणि म्हणाली, "किती खरं बोलला ना पोरगा? असतात हो ते. आपल्यातच असतात."

दादा तिच्याकडे बघत राहिले. मग हलकेच हात सोडवून घेतला.

मी उठून ओरडणार होते. हे आहेत, हे इथं बसलेत, ह्यांना खोकला झालाय, असं. दादांनी माझा पदर धरून मला खाली बसवलं.

"बोलला तो," ते म्हणाले. "मी सांगितलं तसंच बोलला. एक शबुद इकडचा तिकडं नाय."

दुसऱ्या कडव्याला, खांद्यावरच्या, आम्ही बाहेर पडलो. विपुलनं आम्हाला जाताना पाहिलं. त्याचा सूर कुठं ढळला नाही. मी रस्त्याच्या कडेला ओकले. दादा माझी पाठ चोळत उभे होते आणि आतून टाळ्यांचा आवाज येत होता.

---

त्या रात्रीचा तुकडा कुणीतरी युट्यूबवर टाकला. 'बाप कधी मरत नसतो'. 'ओंजळभर'वरचं भांडण पुन्हा पेटलं, आता अल्बम दुप्पट लोक ऐकायला लागले. मी माझ्या नावानं खाली लिहिलं, मी त्याची बहीण, आमचे वडील खरोखर जिवंत आहेत, टोकावड्याजवळ राहतात. मला 'फेक' म्हणाले. एकानं लिहिलं, प्रसिद्धीसाठी लोक काय काय करतात. मग कुणालीनं लिहिलं, मी त्यांना भेटले आहे, त्यांनी मला पाणी दिलं. तिच्याखाली शंभरावर लोकांनी लिहिलं, जळतेस, तुला भावना कळत नाहीत, तुझा बाप मेला नाही म्हणून बोलतेस. तिनं ते सगळं वाचलं असेल. त्यानंतर तिचं नाव मला दिसलं नाही. मी मोबाइलमधून तो सगळा पसारा काढून टाकला.

दादा विपुलचा फोन घेईनासे झाले. आये घ्यायची, परसात जाऊन. दोन महिने गेले.

माघात एका दुपारी विपुल घरी आला. मी तेव्हा तिथंच होते, आयेचे गुडघे दुखत होते म्हणून चार दिवस राहायला गेले होते. तो ओटीच्या पायरीवर बसला. दादा आत आरामखुर्चीत. आयेनं त्याला बिरडं आणि तांदळाची भाकरी वाढली, तो मान खाली घालून जेवला. जेवून हात धुतल्यावर तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, तो व्हिडिओ मी काढून टाकायला सांगितलाय. फोटो तरी जाईल." त्यानं चौकट धरली. "आणि मला माहीत नाय तुमी कसे व्हते. खरंच माहीत नाय. तुमी घरी असायचे तेव्हा झोपलेले असायचे."

हे तो सगळं आमच्या भाषेत बोलला. कितीतरी वर्षांनी.

दादांनी घसा साफ केला. "नगरहून सकाळी गाडी लावायचो," ते म्हणाले. "मंग झोपनार नाय तर काय?" आणि ते बोलायला लागले. घाटात धुकं उतरलं की क्लीनर नसताना कंडक्टरला खाली उतरवून पुढं चालत न्यायचे, ते. एकदा बोगद्याच्या अलीकडे दरड आली आणि पन्नास माणसं घेऊन ते सकाळपर्यंत थांबले, एका बाईच्या तान्ह्या पोराला त्यांच्या खाकी शर्टात गुंडाळलं, ते. असलं त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. आये दाराला टेकून ऐकत होती, तिच्या हातातलं फडकं तसंच ओलं राहिलं. विपुल पायरीवरून उठून त्यांच्या पायाशी येऊन बसला. दादांनी एकदा बोलता बोलता हात पुढे केला, आणि घाटाचं वळण दाखवताना तो विपुलच्या डोक्याला लागला. त्यांनी तो लगेच काढला नाही.

मी पाण्याचा तांब्या ठेवायला पुढं झाले. विपुलचा मोबाइल त्याच्या मांडीशेजारी जमिनीवर पालथा होता. कडेनं उजेड येत होता. मी तो उचलला. पडद्यावर लाल ठिपका आणि आकडे पळत होते. एकवीस मिनिटं, बावीस सेकंद. तेवीस. दादांच्या आवाजाबरोबर एक रेघ वरखाली उडत होती.

विपुलनं वर बघितलं. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही, कारण त्यात लबाडी नव्हती. तो खरोखर घाबरला होता.

"आठवण म्हणून गो ताय," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला. "फक्त आठवण म्हणून."

खरंही असेल. मला कळायला मार्ग नव्हता, आणि त्याला स्वतःलाही कळलं असेल असं वाटत नाही. मी रेकॉर्डिंग थांबवलं. पुसायचं का, असं मोबाइलनं विचारलं. मी हो म्हटलं. मोबाइल त्याच्या मांडीवर ठेवला तेव्हा माझी बोटं चिकट झाल्यासारखी वाटली, आणि त्याच्याबरोबर मला माझीही शिसारी आली, कारण ती एकवीस मिनिटं आता कुणाकडेच नव्हती.

"काय झालं?" दादांनी विचारलं.

"काय नाय, दादा," मी म्हटलं. "तुमी सांगा पुढं. त्या बाईचं पोर रडत व्हतं का?"

"रडत व्हतं तर," दादा म्हणाले. "सारखं रडत व्हतं. मंग मी काय केलं..."